एसी जॉइंट सुटलाय, खांद्यावर टेंगूळ आलंय. ऑपरेशन करावं का?

तुम्ही लिहिलंय की सायकलवरून खांद्यावर पडलात, एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये ‘एसी जॉइंट, ग्रेड ३’ (म्हणजे कॉलर बोनचा खांद्याकडचा सांधा सुटलेला) आलंय, एक डॉक्टर ऑपरेशन सांगतात आणि दुसरे म्हणतात हात गळ्यात बांधा, बाकी काही नको. शिवाय खांद्यावरचं टेंगूळ बसेल का, हेही विचारलंय. टेंगळाचं आधी सांगतो, कारण पहिले पंधरा दिवस मलाही आरशात तेवढंच दिसायचं. ऑपरेशन न करता ते बहुधा बसणार नाही. माझं चार वर्षांनीही तसंच आहे, आणि त्याच हाताने मी पोहतो.

मी डॉक्टर नाही. हीच दुखापत, हाच ग्रेड आणि ऑपरेशनशिवाय बरा झालेला खांदा, एवढ्याच भांडवलावर लिहितोय.

बरेच जण याला ‘खांदा निखळला’ म्हणतात. ते वेगळं. खांदा निखळतो तेव्हा दंडाच्या हाडाचा गोल उखळीतून बाहेर येतो आणि तो परत बसवावा लागतो. आपला सांधा त्याच्या वर, खांद्याच्या माथ्यावर असतो. तिथे कॉलर बोनचं बाहेरचं टोक आणि पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाचा छज्जासारखा पुढे आलेला भाग एकमेकांना भिडतात. म्हणून कोणी हात ओढून ‘बसवून देतो’ म्हणालं तर हात देऊ नका. इथे असं बसवण्यासारखं काही नसतं. हा घोळ फार जुना आहे. वरचं हाड उठून दिसतं, खांदा खाली गेलेला दिसतो आणि वैद्य फसून खांदा निखळल्याचा उपचार करायला जातात, असं हिप्पोक्रॅटिस या प्राचीन ग्रीक वैद्याने लिहून ठेवलंय. टेंगूळ राहतं पण खांद्याचं काम अडत नाही, हेही त्याचंच निरीक्षण. आजच्या भाषेत ते जरा जास्तच आशावादी वाटतं, पण अगदी चुकीचं नाही.

मला स्वतःला एका गोष्टीने धीर आला: हाड फारसं वर आलेलंच नसतं, खांदा खाली उतरलेला असतो. हाताचं सगळं वजन फऱ्याच्या हाडावर लटकतं, आणि तो फरा कॉलर बोनला टांगलेला असतो. टांगणारे दोर दोन जागी असतात. सांध्यावर आडवे बांधलेले लिगामेंट, आणि थोडं आतल्या बाजूला कॉलर बोनपासून खाली जाणारे दोन जाड लिगामेंट. वजन मुख्यतः हे खालचे पेलतात. ग्रेड १ मध्ये वरचे नुसते ताणले जातात, २ मध्ये वरचे तुटतात आणि खालचे ताणले जातात, ३ मध्ये दोन्ही तुटतात. ४ ते ६ म्हणजे हाड मागे स्नायूत घुसलेलं, खूपच वर उचललेलं किंवा क्वचित खाली अडकलेलं. हे सहा प्रकार १९८४ साली रॉकवुड या अमेरिकन अस्थिशल्यविशारदांनी मांडले. १ आणि २ ला ऑपरेशन लागत नाही, ४ ते ६ ला साधारणपणे सांगतात. वाद आहे तो तुमच्या-माझ्या ३ चा, त्यामुळे तुमच्या दोन डॉक्टरांपैकी कोणीतरी एक चुकतोय असं समजू नका.

माझं पारडं ज्याने झुकलं तो कॅनडातल्या अस्थिशल्यविशारदांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास. सांधा पूर्ण सुटलेले ८३ रुग्ण, निम्म्यांना हुक प्लेट (कॉलर बोन खाली दाबून धरणारी आकड्याची धातूची पट्टी), बाकीच्यांचा नुसता हात गळ्यात. सुरुवातीच्या तीन महिन्यांत ऑपरेशन न केलेल्यांचा हात जास्त चांगला चालत होता, आणि पुढे दोन वर्षांपर्यंत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक राहिला नाही. एक्स-रे मात्र ऑपरेशनवाल्यांचे सुबक. शिवाय हुक प्लेट बहुतेक वेळा काही महिन्यांनी काढावी लागते, म्हणजे दुसरं ऑपरेशन. आता प्लेटऐवजी दोऱ्याने कॉलर बोन खाली बांधून ठेवायची पद्धतही आहे. तुमच्या डॉक्टरांच्या मनात नेमकं काय आहे ते विचारा.

उपचार ऐकायला सोपा, करायला कंटाळवाणा. दोन-तीन आठवडे हात गळ्यात. पहिले काही दिवस बर्फ, कातड्यावर थेट नको, फडक्यात गुंडाळून. झोप हा सगळ्यात मोठा छळ: मी आठ-दहा रात्री पाठीला उशा लावून अर्धवट बसून काढल्या. बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवत राहा, नाहीतर तेही आखडतात. दुखणं उतरलं की पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवायचा, मग हळूहळू वर न्यायचा, मग रबरी पट्ट्यांनी फऱ्याभोवतीचे स्नायू कमवायचे. हा शेवटचा भाग लोक टाळतात आणि तोच महत्त्वाचा आहे, कारण तुटलेल्या दोरांचं काम आता त्या स्नायूंनी करायचं असतं. मी पाचव्या आठवड्यात ‘आता काही दुखत नाही’ म्हणून भरलेली बॅग उचलली आणि पुढचे दहा दिवस परत कण्हत काढले. जड उचलणं आणि अंगावर येणारे खेळ तीन महिने तरी नकोत.

मग ऑपरेशनचा विचार कोणी करावा? ज्यांचं काम सतत डोक्यावर हात नेऊन जोर लावायचं आहे, जे वरून चेंडू फेकणारे खेळ गंभीरपणे खेळतात, किंवा तीन महिने नेटाने व्यायाम करूनही ज्यांना दुखतं नि हातात जोर येत नाही. उशिरा ऑपरेशन करता येतं, फक्त तेव्हा तुटलेले लिगामेंट आपोआप जुळत नाहीत, दुसरीकडचा स्नायूबंध (टेंडन) घेऊन नवे बांधावे लागतात. त्यामुळे निर्णय पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घ्यावा असं डॉक्टर म्हणतात, त्यात तथ्य आहे.

दोन गोष्टी उद्याच विचारा. एक्स-रे दोन्ही खांद्यांचा काढला होता का? दुसऱ्या बाजूशी ताडून पाहिल्याशिवाय ३ आणि ५ मधला फरक नीट ठरत नाही. आणि हाड मागे सरकलंय का? समोरून काढलेल्या फोटोत ते निसटू शकतं. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, बोटं गार पडत असतील, टेंगळावरची कातडी ताणून पांढरी झाली असेल किंवा श्वास घेताना छातीत दुखत असेल, तर उद्याची वाट न पाहता आजच दवाखाना गाठा.

टेंगळाचा मला आज एकच त्रास आहे: पाठीवरच्या सॅकचा पट्टा नेमका त्यावर बसतो. त्या पट्ट्याखाली मी स्पंजचा तुकडा शिवून घेतलाय.