आठ वर्षांनी बेस गिटार पुन्हा हातात घेतली आहे. घरीच सराव करून हात कसा परत आणू? (नागपूर)

रोज २० मिनिटं, मेट्रोनोम (ठरावीक वेगानं ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून, फक्त मूळ स्वर आणि पंचम वाजवा. पहिला महिनाभर वेग वाढवूच नका. मी इथल्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, मोठ्या खंडानंतर माझाही हात असाच परत आला. बोटांना जागा लवकर आठवतात. सुटलेली असते ती लयीत टिकण्याची आणि स्वर नेमका वेळेवर दाबून थांबवण्याची सवय, आणि बेसचं निम्मं काम तेच आहे! मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, घाई लगेच कळते. मात्र आधी गिटारची नेक (तारा दाबतो ती लांब दांडी) तपासून घ्या: नागपूरचा कोरडा उन्हाळा, त्यात कूलरची दमट हवा, यानं लाकूड हलतं, तारा उंच होतात आणि बोटं विनाकारण दुखतात.