साठवलेल्या कोंबडीखाद्यात बायोजेनिक अमाइन्स वाढतात का? पेलेट करताना, म्हणजे वाफ देऊन खाद्याच्या गोळ्या दाबताना, ती नष्ट होतात का?

बायोजेनिक अमाइन्स म्हणजे जिवाणूंनी प्रोटीनच्या घटकांपासून बनवलेली हिस्टामिनसारखी रसायनं. सुक्या खाद्यात ती फारशी वाढत नाहीत, आपोआप कमीही होत नाहीत. पेलेटच्या वाफेने ती जातात, असं पुरवठादार सांगत असेल तर ते साफ चूक आहे. खाद्य कारखान्याच्या प्रयोगशाळेत असताना खरेदी विभागाच्या तोंडून हेच ऐकून मी वैतागलो होतो. वाफेने जिवाणू मरतात. हिस्टामिन हे रसायन आहे, ते मरायचं कसं?

खाद्यात फिशमील, म्हणजे शिजवून-वाळवून दळलेली मासळी, घालतात. ही मासळी शिजवायच्या आधी गरम हवेत पडून राहते, तिथेच सगळं बिघडतं. जिवाणू मासळीतल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचं हिस्टामिन करतात, लायसिनचं कॅडाव्हरिन. नंतर ती शिजवा, वाळवा, दळा, हिस्टामिन जागच्या जागी. उलट वाळवताना जास्त तापवलं तर गिझेरोसिन नावाचं विष तयार होतं, आणि ते पक्ष्याच्या गिझर्डला (दाणे दळणाऱ्या स्नायूच्या पोटाला) हिस्टामिनपेक्षा कैक पटींनी घातक. जपानी संशोधकांनी ते 1983 मध्येच दाखवून दिलंय.

आमच्याकडे फिशमीलचा एक लॉट आला होता. रंग गडद, वास करपट. मी अडवला. "प्रोटीन भरपूर आहे, ओलावा कमी आहे, अजून काय पाहिजे?" म्हणत वरून तो सोडवून घेतला गेला. मग ब्रॉयलरच्या शेडवरून तक्रार आली: पक्षी खात नाहीत, वजन धरत नाहीत, मेलेला पक्षी उलटा धरला की चोचीतून काळपट पाणी गळतं. पोस्टमॉर्टेमला मी समोर उभा होतो. गिझर्डचं अस्तर काळं, खरबरीत, भेगाळलेलं, बोट लावलं तिथे सुटून येत होतं. ही द्रव्यं जठरात आम्ल सुटायला लावतात आणि त्या आम्लाने अस्तर जळतं.

तरी खापर शेतकऱ्यावर: "पोती ओलीत ठेवली असतील." पोत्यांत ना गुठळी, ना बुरशी. मी त्या लॉटचा सीलबंद नमुना कोरड्या कपाटात राखून ठेवला होता, तो बाहेर तपासायला पाठवला. हिस्टामिन भरमसाट निघालं. आता सांगा, माझ्या कपाटात ते कुठून आलं?

म्हणून साठवणुकीला दोष देण्याआधी कच्च्या मालाचा हिस्टामिन रिपोर्ट मागा, एचपीएलसीवर (रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) केलेला. नुसता टीव्हीएनचा (उडून जाणाऱ्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांचा) आकडा दाखवून कोणी गप्प करत असेल तर ऐकू नका; हिस्टामिन उडून जाणारं नाही, ते त्या आकड्यात येतच नाही. आणि लॉटचा नमुना स्वतःकडे सीलबंद ठेवा, भांडायची वेळ आली की तोच कामाला येतो.

हां, छप्पर गळत असेल, पोती ओल्या भिंतीला टेकून असतील, तर तेवढ्या भागात जिवाणू-बुरशी वाढून अमाइन्सही वाढू शकतात. पुट्रेसिन, स्पर्मिडिन ही अमाइन्स थोडी प्रत्येक पेशीत असतातच, त्यांना घाबरू नका. शिवाय गिझर्ड ॲडिनोव्हायरसने किंवा मोरचूद जास्त पडल्यानेही सोलवटतं, तेव्हा पशुवैद्याकडून तेही तपासून घ्या.