हॉस्टेलमधला ‘आपला ग्रुप’ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काही महिन्यांपासून एका ‘व्यक्तिमत्त्व विकास’ ग्रुपमध्ये जातो. पहाटे चारला उठतो, मेसचे पैसे तिकडे देतो, दिवाळीलाही आला नाही. वय आहे म्हणून सोडून द्यावं का? – एक आई, लातूर

नाही. पण पहाटे उठणं, नामस्मरण, मांसाहार सोडणं याला घाबरू नका. माळ घातलेली मुलं आपल्याकडे गावोगावी आहेत. वारीला गेलेला मुलगा वारी संपली की घरी येतो, सबमिशनं पुरी करतो. मला काळजी वाटली ती दिवाळीची आणि मेसच्या पैशांची. झोप तुटते, पैसा जातो, जुनी माणसं दुरावतात आणि शंका काढली की ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असं ऐकवलं जातं. हे सगळं एकत्र दिसलं तर प्रकरण भक्तीचं राहिलेलं नाही.

येत्या शनिवारी त्याला भेटायला जा. कॉटखाली तुम्ही पाठवलेला फराळाचा डबा न उघडलेला दिसला, तरी बोलू नका. ‘घरचे विरोध करतील’ हे ग्रुपने त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं; तुम्ही चिडलात की त्यांचं म्हणणं खरं ठरतं. जेवतोस का, झोपतोस किती, एवढंच विचारा. मेसचे पैसे थेट मेसवाल्याला द्या. आणि रोजचा फोन काही झालं तरी बंद करू नका. त्याच्या परतीची वाट तीच आहे.

प्रश्न : इतकी हुशार मुलं यात सापडतात तरी कशी? – एक प्राध्यापक, नाशिक

सर, हुशारीचा इथे फारसा उपयोग होत नाही. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो या जपानी पंथाच्या माणसांत एक शल्यविशारद होता, नामांकित विद्यापीठांत भौतिकशास्त्र शिकलेले तरुण होते.

न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजचं प्रकरण तर थेट हॉस्टेलमधलं. २०१० साली लॅरी रे नावाचा माणूस तुरुंगातून सुटून मुलीच्या हॉस्टेलवर राहायला आला. तिच्या मैत्रिणी-मित्रांना जेवू घालायचा, रात्र-रात्र त्यांची दुःखं ऐकायचा. पुढे ‘तुम्ही माझं नुकसान केलंत’ असं त्यांच्या गळी उतरवून कबुलीजबाब घेतले, पैसे उकळले, छळ केला. जानेवारी २०२३ मध्ये त्याला ६० वर्षांची शिक्षा झाली. सुरुवात मात्र मायेने झाली होती. एटीकेटी लागलेल्या, घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलाला कुणी पहिल्यांदा ‘बस, बोल’ म्हणतं, तेव्हा तो तिथे बसतो. ते ‘बस, बोल’ आधी आपण म्हणायला हवं.

प्रश्न : पोलिसांत जाता येईल का? – एक रेक्टर

मुलगा अठरा वर्षांचा झाला असेल, तर स्वखुशीने जाणं हा गुन्हा नाही. धमकी, मारहाण, खंडणी, लैंगिक छळ असेल तर लगेच जा. चमत्काराच्या नावाखाली फसवणूक किंवा अघोरी प्रकार असतील तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी पोलिसांत दक्षता अधिकारी नेमलेले असतात. बाहेरचं कुणी खोलीत मुक्काम ठोकत असेल, तर ते रोखणं तुमच्याच हातात आहे.

प्रश्न : मी सहा महिन्यांपूर्वी ग्रुप सोडला. अजून पहाटे चारला जाग येते, काहीतरी वाईट होईल असं वाटतं. मी वेडी झालेय का? – एक विद्यार्थिनी

नाही गं. ती भीती तुझ्या मनात रोज थोडी थोडी भरली गेली, ती उतरायलाही दिवस लागतील. तिथली काही माणसं तुला खरंच आवडत होती, त्यांची आठवण आली तर स्वतःवर रागावू नकोस. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. चारला जाग आली की दिवा लाव आणि तेव्हाच फोन कर.