कावळ्याला विचारण्याआधी

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. मरणाविषयीच्या पत्राची सुरुवात या शब्दाने व्हावी यातला विनोद मला कळतो, पण जुनी सवय आता सुटायची नाही.

परवा ओंकारेश्वराच्या घाटावर आजोबांच्या दहाव्याला तू माझ्या शेजारी उभा होतास. पाऊण तास कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा तुझ्या काकांनी आधी आजीला सांभाळण्याचा, मग गावच्या जमिनीचा आणि शेवटी तुझ्या लग्नाचा शब्द दिला. तरीही कावळा फांदीवरून हलेना, म्हणून गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. परतताना तू विचारलेस, आजोबांची कोणती इच्छा राहिली असेल, आणि ती इच्छा बाळगणारे कोणी आता उरले आहे का? दुसऱ्या प्रश्नाने तुझी झोप उडाली आहे असे तुझी आई सांगते. मला काळजी वाटते ती तुझ्या पहिल्या प्रश्नाची.

दुसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तरांचा तोटा कधीच नव्हता. गरुडपुराण सांगते, की दहा दिवसांच्या पिंडांतून मृताचा नवा देह घडतो, पहिल्या दिवशी डोके आणि दहाव्या दिवशी भूक-तहान. गीता जुन्या वस्त्राचा दाखला देते, चार्वाक म्हणतात की राख झालेला देह परत येत नाही, आणि मरणानंतर तथागत असतो की नसतो याचे उत्तर द्यायचेच बुद्धांनी नाकारले. माझा कल चार्वाकाकडे आहे, हे तुला ठाऊक आहे. तुझा कोणाकडे असावा हे मी ठरवणार नाही. मात्र महिनाभर वैतरणीची रुंदी मोजत बसणार असशील, तर मला राग येईल.

तू कठोपनिषद वाचायला घेतलेस हे चांगले झाले, पण बहुतेकांसारखा तूही थेट तिसऱ्या वरावर गेलास. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिलेल्या नचिकेताने पहिला वर कोणता मागितला? ज्या बापाने रागाच्या भरात त्याला मृत्यूला देऊन टाकले, त्याचा राग शांत व्हावा आणि परत गेल्यावर त्याने आपल्याला ओळखून आपल्याशी बोलावे, हा. मरणापलीकडे काय आहे, हे त्या मुलाने तिसऱ्या खेपेला विचारले. जे विचारायचे ते जिवंत माणसाला आधी विचार, एवढेच मला तुला सांगायचे आहे, आणि तू कंटाळलास तरी मी ते पुन्हा सांगणार आहे.

माझे वडील कर्करोगाने गेले, त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. रोगाचे नाव त्यांना कळू द्यायचे नाही, असे आम्ही भावंडांनी ठरवले होते. ते रोज संध्याकाळी विचारत, "माझे काय ठरले आहे?" आणि मी मोसंबी सोलत सांगत असे, "आठवड्याभरात घरी." शेवटच्या काही दिवसांत त्यांनी विचारणे सोडले. त्यांना माझे म्हणणे पटले, असे मी समजलो. ते मला सांभाळून घेत होते, हे कळायला मला स्वतः म्हातारे व्हावे लागले.

त्यांचा दहावा मी केला नाही. आई वर्षभर माझ्याशी बोलली नाही, तरी मी बधलो नाही, कारण जे पटत नाही ते लोकांसाठी करणे मला तेव्हाही लबाडी वाटत होती आणि आजही वाटते. मात्र घाटावर उभे राहिल्यावर कावळा शिवला नसता तर काय, ही भीती माझ्या त्या निर्णयात मुळीच नव्हती, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

उपचार कुठे थांबवायचे हे आधी लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्यता दिली आणि 2023 साली त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घेतले की पुरते. मी तो कागद केला आहे, देहदानाचा अर्जही भरला आहे. पण मुलाने देह नेऊन पोहोचवला नाही, तर तो अर्ज कपाटातच राहणार. म्हणून त्याला समोर बसवून सगळे सांगायला लागलो, तर "बाबा, आत्ता कशाला?" म्हणत तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याला पुन्हा बसवले.

आजोबांचे शेवटचे दोन फोन तू घेतले नाहीस, हे तू मला पुलाजवळ हळू आवाजात सांगितलेस. त्यावर फुंकर घालणे मला जमणार नाही. माझ्या मोसंब्यांवरही कोणी घातलेली नाही. पण तुझी आजी आहे. काकांनी घाटावर तिच्या वतीने इतके शब्द दिले, त्यांतला एक तरी तिला हवा होता का, हे अजून कोणी तिला विचारलेले नाही. दुपारी चारच्या सुमारास ती मोकळी असते, पाचनंतर दिवाबत्तीच्या तयारीला लागते. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येते, तेव्हा उजवीकडे बस, आणि ती "मला काय हवे असणार?" म्हणाली तरी लगेच उठू नकोस.