राजीनामा कुणाचा, मजकूर कुणाचा?

पाथरी तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलाने परभणीत बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स केलं आणि गेलं वर्षभर तो नवी मुंबईत, महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये, म्हणजे अनेक कंपन्यांचे कॉम्प्युटर चोवीस तास चालतात त्या जागी, मॉनिटरिंगच्या म्हणजे देखरेखीच्या कामावर आहे. पगार 22 हजार, आलटून पालटून रात्रपाळी. वडील लिहितात, ‘पोरगं रात्रभर स्क्रीनकडं बघत बसतं. वॉचमनमध्ये अन् त्याच्यात फरक काय?’ दिवाळीपर्यंत नोकरी सोडून पुण्याला एमपीएससीच्या क्लासला जा, नाहीतर गावाकडं येऊ नको, असं त्यांनी त्याला बजावलंय. भाच्याकडून राजीनाम्याचा मजकूर लिहून घेऊन तो मुलाला व्हॉट्सअॅपवर पाठवलाय. मला त्यांचा प्रश्न: एमपीएससी बरी की बँकेची परीक्षा?

नमस्कार भाऊ,

परीक्षेचं नंतर बघू. तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, ‘आठ दिवस झाले, फोन उचलत नाही.’ तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे. मला मात्र सगळ्या पत्रात तिचीच काळजी वाटली.

तेवीस वर्षांचा मुलगा परक्या शहरात चौघांत खोली घेऊन राहतो, रात्री जागतो, दिवसा गोंगाटात झोपायला बघतो आणि तुम्हीच लिहिता त्याप्रमाणे महिन्याला आठ हजार घरी पाठवतो. त्याला बापाकडून काय आलं, तर दुसऱ्याने लिहिलेला राजीनामा. वर ‘गावाकडं येऊ नको’ ही अट. भाऊ, रागात माणूस बोलून जातो हे मला कळतं, पण हे तुम्ही बोलून गेला नाहीत, लिहवून घेऊन पाठवलंत. तो फोन उचलत नाही याचं मला नवल वाटत नाही.

तुमची अडचण कुठे आहे तेही पत्रातच आहे. सोयऱ्यांना तुम्ही ‘पोरगा बँकेत आहे’ असं सांगून ठेवलंय आणि आता स्थळं यायला लागलीत. आपल्या भागात मुलाची सरकारी नोकरी नसली की बोलणी कशी थांबतात, ते मी घरोघरी ऐकतो. हा त्रास खरा आहे. पण पोराच्या नोकरीची लाज वाटून तुम्ही खोटं बोललात आणि ते खरं करून दाखवायचं काम त्याच्यावर टाकलंत. हे ओझं त्याचं नाही.

आता वॉचमनचं. तुम्हीच असं समजता असं नाही, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली मुलंही समजतात. तिथे एका लोखंडी कपाटात जे यंत्र असतं, त्या एकाच यंत्राच्या पोटात वीस-तीस आभासी सर्व्हर, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले वेगवेगळे कॉम्प्युटर, चालतात. कुणाचा बँकेचा हिशेब, कुणाची दवाखान्याची नोंदवही. सगळ्यांना मिळून प्रोसेसर तेवढाच, मेमरी तेवढीच. तुमची शेती जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आहे, म्हणून तुम्हाला हे लगेच कळेल: तुमचं दार उघडं आहे, चारी साफ आहे, तरी पाळी आली नाही तर पाणी येत नाही, आणि नुसतं शेतात उभं राहून दोष कुठे आहे ते दिसत नाही. आभासी सर्व्हरचंही असंच होतं. त्याच्या आत शिरून बघितलं तर काही बिघडलेलं दिसत नाही, पण तो खऱ्या प्रोसेसरच्या पाळीसाठी थांबलेला असतो. हा थांबण्याचा वेळ खालच्या यंत्राच्या आकड्यांत दिसतो, त्याला ‘सीपीयू रेडी’ म्हणतात. कुठला आकडा कुठे बघायचा हे कळणारा माणूस तिथे बसलेला लागतो. कुणीतरी अपडेटच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट (बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून जपलेली सर्व्हरची त्या क्षणाची स्थिती) पुसायचा विसरतो, तो फुगत जातो, साठवणुकीची जागा भरते आणि त्या जागेवरचे सगळे सर्व्हर एकदम अडकतात. जागा किती वेगाने भरतेय हे आदल्या दिवशी ज्याच्या लक्षात आलं, त्याने लोकांचं काम वाचवलं. सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं यंत्र म्हणजे स्विच. मुख्य स्विच गेला तर पडद्यावर शेकड्याने अलर्ट येतात. त्यातला खरा एक, बाकी त्याचे परिणाम. पहाटे तीनला तो एक ओळखणं हे अक्कलेचं काम आहे.

आकडाही डोळे मिटून मानता येत नाही. स्विचकडून माहिती घ्यायची एसएनएमपी ही पद्धत 1988 पासूनची. लाइनवरून किती माहिती गेली हे मोजणारे तिचे जुने काउंटर 32 बिटचे. एक गिगाबिटची लाइन भरून वाहत असेल तर असा काउंटर साधारण 34 सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. दर पाच मिनिटांनी वाचणाऱ्याला भरलेली लाइन रिकामी वाटेल. म्हणून तिथे 64 बिटचा काउंटर लावायचा असतो. तुमच्या मुलाला हे माहीत आहे का, ते त्यालाच विचारा. माहीत असेल तर तो खुलून बोलेल.

एका बाबतीत तुमची शंका बरोबर आहे आणि ती मुलानेही वाचावी. लाल दिवा दिसला की तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, वरच्याकडे ढकलायचं, एवढंच करत चार वर्षं गेली तर पुढे रस्ता बंद होतो. तेवढं काम यंत्रं करू लागलीत. त्याने वरच्या टीमने तिकीट कसं सोडवलं ते रोज वाचावं. 16 जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप घ्यावा, त्यावर आभासी सर्व्हर चालवणारं प्रॉक्समॉक्स टाकावं, दोन-चार सर्व्हर उभे करावेत, झॅबिक्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरने त्यांच्यावर नजर ठेवावी आणि मुद्दाम बिघाड करून शोधावा. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट वापरता येतात. लिनक्स आणि नेटवर्किंग पक्कं झालं की मग सीसीएनए (नेटवर्किंगचं) किंवा आरएचसीएसए (लिनक्सचं) प्रमाणपत्र. आधी प्रमाणपत्र आणि मग शिक्षण, हा उलटा व्यवहार नको. वर्षभरात कामाचा दर्जा बदलला नाही, तर नोकरी बदलावी.

एमपीएससी की बँक? पदवीधराला दोन्ही खुल्या आहेत, पण परीक्षेला बसायचंय असं मुलगा म्हणाल्याचं तुमच्या पत्रात कुठेही नाही. म्हणून याचं उत्तर मी तुम्हाला देणार नाही. त्याने विचारलं तर त्याला देईन.

तुम्ही एवढं करा. तो मजकूर मागे घेतला असं त्याला आजच लिहा, फोनची वाट बघू नका. त्याची रात्रपाळी संपून सुट्टी लागेल तो दिवस विचारा, परभणीहून देवगिरी एक्स्प्रेस पकडा आणि ठाण्याला उतरा. डेटा सेंटरच्या आत तुम्हाला सोडणार नाहीत, पण त्याची खोली बघा, तो काय खातो, दिवसा झोप लागते का ते विचारा. रात्रपाळीने तब्येत खालावली असेल, तर नोकरी बदलायचं ते एक खरं कारण आहे आणि त्यावर दोघांनी बसून बोलावं. आईला सोबत न्या. सोयऱ्यांना काय सांगायचं तेही तिथेच ठरवा, त्याच्यासमोर.