टॅबलेट आले, पण वही काही सुटत नाही

प्रश्न : मी एका मोठ्या तेल आणि गॅस कंपनीच्या रिफायनरीत शिफ्ट इंजिनिअर आहे. दीड वर्षापूर्वी कंपनीनं डिजिटल प्रोग्रॅम सुरू केला, ऑपरेटरांना टॅबलेट दिले, पंपांवर वायरलेस व्हायब्रेशन सेन्सर बसवले. पण आमचे सीनियर ऑपरेटर अजून वहीतच रीडिंग लिहितात आणि शिफ्ट संपताना सगळं एकदम टॅबलेटमध्ये भरून टाकतात. मॅनेजमेंट म्हणतं लोकांना बदलच नकोय. काय करू?

उत्तर : लोकांना बदल नकोय हे मला अजिबात पटत नाही. हीच माणसं दिवसभर डीसीएसवर, म्हणजे कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटर सिस्टिमवर, अख्खं युनिट चालवतात, त्यांना एका टॅबलेटची काय भीती वाटणार? आधी तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर एक पूर्ण राउंड मारा. हातात ग्लोव्हज, उन्हात स्क्रीन दिसत नाही, शिडी चढताना एक हात रेलिंगला लागतोच, आणि टॅबलेट स्फोटक वायूच्या भागात चालणारा सर्टिफाइड म्हणजे वजनाला चांगलाच जड. कॉलमच्या (उंच टॉवरच्या) मागे गेलं की नेटवर्क जातं, ॲप परत लॉगिन मागतं, आणि वहीत जे काम एका ओळीत होतं त्याला इथे दहा वेळा बोट लावावं लागतं. ॲप नेटवर्कशिवाय चालायलाच हवं, ही पहिली मागणी लेखी द्या.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आमच्या प्लांटवर एका सीनियर ऑपरेटरनी लागोपाठ तीन शिफ्ट ॲपमध्ये नोंद केली होती, की पंपाच्या बेअरिंगचा आवाज बदललाय. नोंद सिस्टिममध्ये गेली आणि तिथेच पडून राहिली, कारण ती बघायचं काम कुणाचंच नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी लिहिणं सोडलं आणि त्याच आठवड्यात रात्री बेअरिंग गेलं, सील फुटून गळती झाली. नशिबानं आग लागली नाही, पण ती रात्र मी विसरू शकत नाही. त्यानंतर आम्ही एकच गोष्ट बदलली, ऑपरेटरची नोंद थेट मेंटेनन्स प्लॅनरच्या लिस्टमध्ये जायची आणि कोण बघणार, कधी बघणार हे उत्तर त्याच टॅबलेटवर परत यायचं. वह्या कुणी बंद करायला सांगितल्या नाहीत, हळूहळू त्या आपोआप कपाटात गेल्या. म्हणून विचारतो, तुमच्या ऑपरेटरला त्याच्या नोंदीचं उत्तर मिळतं का?

दुसरं, मशीन लर्निंगचं मॉडेल (डेटावरून बिघाडाचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर) आणण्याआधी त्याला जाणारं रीडिंग खरं आहे का ते बघा. २००५ साली अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्टार्टअप चालू असताना टॉवर ओसंडून भरत होता आणि लेव्हल ट्रान्समीटर (आतली पातळी मोजून कळवणारं यंत्र) मात्र लेव्हल खाली येतेय असं दाखवत होता, डोळ्यांनी पातळी बघायची काच, म्हणजे साइट ग्लासही वाचता येत नव्हती. शेवटी स्फोट झाला, १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. असं रीडिंग कितीही हुशार सॉफ्टवेअरला दिलं तरी ते चुकीचंच सांगणार, त्यामुळे बजेटमधले पहिले पैसे इन्स्ट्रुमेंटवाल्यांना आणि कॅलिब्रेशनला (मीटर बरोबर दाखवतात ना हे तपासून घ्यायला) द्या असं मी ठामपणे म्हणेन.

आणि सुरुवात कुठून करायची तर डॅशबोर्डवरून नको, परमिट (काम करायची लेखी परवानगी) आणि शिफ्ट हँडओव्हर (पुढच्या शिफ्टला माहिती सोपवणं) इथून करा. ६ जुलै १९८८ ला पायपर अल्फा या समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता, पंपाचं परमिट वेगळं आणि व्हॉल्व्हचं वेगळं, रात्रीच्या शिफ्टला व्हॉल्व्हचं कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हाच सुरू केला, वायू गळून स्फोट झाला आणि १६७ जणांचा जीव गेला. कागदाचा नुसता फॉर्म स्क्रीनवर आणून हे थांबत नाही. पंपाचा टॅग नंबर टाकला की त्याच्यावरची सगळी उघडी परमिटं एकाच जागी दिसली पाहिजेत, आणि ती बंद झाल्याशिवाय पंप चालू करायची परवानगीच मिळता कामा नये.

प्रश्न : प्लांटचा डेटा क्लाउडवर नेला तर हॅकर थेट प्लांटपर्यंत पोचतील का?

उत्तर : भीती खोटी नाही. २०१२ साली सौदी अरामकोचे सुमारे ३०,००० कॉम्प्युटर एका व्हायरसनं पुसून टाकले, तरी तेलाचं उत्पादन चालू राहिलं कारण कंट्रोलचं नेटवर्क वेगळं होतं. उलट २०२१ मध्ये अमेरिकेत इंधन वाहून नेणाऱ्या कोलोनियल पाइपलाइनवर हल्ला ऑफिसच्या सिस्टिमवर झाला होता, तरी कंपनीला अख्खी पाइपलाइन स्वतःहून बंद करावी लागली. हल्लेखोर आत शिरले ते एका जुन्या रिमोट लॉगिनमधून, ज्याला नुसता पासवर्ड पुरत होता. त्यामुळे डेटा प्लांटमधून फक्त बाहेर जाईल, आत काही येणार नाही अशी एकतर्फी व्यवस्था करून घ्या, सेफ्टी सिस्टिम तर पूर्ण वेगळीच ठेवा, आणि मागच्या शटडाउनला (देखभालीसाठी प्लांट बंद ठेवला तेव्हा) आलेल्या व्हेंडरांची किती लॉगिन्स अजून चालू आहेत ती यादी या आठवड्यातच मागवा.