गावातला बंद गाळा: आधी काय पाहावं?

तुम्ही विचारलंय, बसस्टॉपजवळचा वडिलांचा गाळा दोन वर्षांपासून बंद आहे, त्यात काय टाकावं?

भाऊ, आधी काहीच टाकू नका. एक बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस, शटरसमोर खुर्ची टाकून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसा. तालुक्याहून परतणाऱ्यांच्या पिशवीत काय आहे ते वहीत लिहा. गावचा पैसा कुठं जातो हे त्या पिशव्याच सांगतात. दिवाळीनंतर कापूस-सोयाबीनचा पैसा हाती असतो, जूनमध्ये तो बियाण्यात जातो. म्हणून एका हंगामाची गर्दी पाहून हिशेब मांडू नका.

कृषी केंद्र सगळ्यांनाच सुचतं. पण बियाणं, खत, कीटकनाशक, तिन्हींचे परवाने वेगळे, आणि उधारी पीक निघेपर्यंत अडकते. मला तूरडाळीची छोटी गिरणी जास्त पटते, तूर आपल्याकडे घरोघरी आहे. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. सध्या अर्ज घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा.

आणि हो, थ्री फेज वीज गाळ्यापर्यंत येते का, हे यंत्राचं कोटेशन घेण्याआधी लाइनमनला दाखवून घ्या.